रंगाची नवी बाटली

मंगळवार, दुपारचे साडेबारा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार नको म्हणतेस, म्हणून साधाच नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा आता जिना चढू देतो, आणि जिना चढता आला की ती वरच्या मजल्यावरच्या बाईंशी भांडूही शकते, म्हणजे तब्येत सुधारली असं समज. भावोजींचा खोकला गेला का?

हे पत्र लॅबमध्ये बसूनच लिहिते आहे. भावोजींच्या ऑफिसची गाडी दोन वाजता तुमच्याकडे परत निघते. ड्रायव्हरच्या हाती देते, म्हणजे संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. फोन का केला नाही म्हणशील. तुझं "काय गं ठमे" ऐकलं असतं तर पुढचं मला बोलता आलं नसतं.

आधी एक गंमत ऐक. गेल्या गुरुवारी रक्त रंगवायच्या रंगाची नवी बाटली आली. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, हे माझं काम तुला ठाऊकच आहे. नवी बाटली उघडली की आधी ती निरोगी रक्तावर तपासून घेतात. अकरा वर्षं ते निरोगी रक्त माझंच. दुसरं कोण बोट पुढे करणार? शिपाईमामा तर सुई पाहूनच पळतात. दोन महिन्यांपूर्वीची बाटलीही माझ्यावरच तपासली होती, तेव्हा सगळं नीट होतं.

तर मी बोट टोचलं, पट्टी रंगवली, पाहिली आणि रंगवाल्याला फोन लावून असं झापलं म्हणून सांगते! "सडका माल पाठवता का? एक पेशी धड दिसत नाही!" बिचारा गयावया करत दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली घेऊन आला. पुन्हा तेच. शनिवारी तिसरी आली. शेवटी शिपाईमामांना धरून बसवलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून बोट दिलं. त्यांची पट्टी सुरेख आली, सगळं जिथल्या तिथे.

दोष रंगाचा नव्हता, ताई.

ज्या पेशींनी मोठं होईपर्यंत हाडांच्या मगजात राहायचं, त्या अर्ध्याकच्च्याच माझ्या रक्तात उतरल्या आहेत. ढिगाने. अशा पट्ट्या मी शेकडो पाहिल्यात आणि त्या माणसांच्या हातात रिपोर्ट देताना "घाबरू नका हं" म्हटलंय. किती फुकटचं वाक्य आहे ते, आता कळतं.

आमच्या लॅबच्या डॉक्टरसरांना सरळ सांगायचं सोडून मी काय केलं? काल माझी पट्टी भलत्याच बाईच्या नावाने त्यांच्या ट्रेमध्ये सरकवली. वाटलं, म्हणतील, काही नाही, ताप असेल. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसून परत घातला आणि पुन्हा पाहिलं. "ही कोण? आजच्या आज बोलवा. रक्ताचा कॅन्सर आहे, आणि हा फार झपाट्याने वाढतो. मगज तपासून लगेच औषध सुरू केलं तर बऱ्या होतात अशा बायका. पण दिवस घालवले तर अंगातल्या अंगात रक्तस्राव होऊन हातची जाईल."

मी म्हटलं, "फोन लागत नाही, सर."

कालपासून चार वेळा विचारलं त्यांनी. आज सकाळी तर चिडलेच. "पत्ता द्या, मी स्वतः जातो." मी म्हटलं, पत्ता अर्धवट आहे. अकरा वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले आणि आता थांबताच येत नाहीये.

भीती वाटते गं. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात बसलंय. तोवर आजारी आहे ती दुसरीच कुणीतरी बाई. मला तिची कीवही येते.

भाचीच्या नाटकाला मी आले नाही, कामाचं निमित्त सांगितलं आणि तू रुसलीस. काम काही नव्हतं. दोन पायऱ्या चढले की धाप लागत होती. दात घासताना रक्त येतं. हातांवर काळेनिळे डाग उठलेत. आई विचारते, "कुठे धडपडलीस?" मी सांगते, कपाट लागलं. आमचं कपाट हल्ली फारच मारकुटं झालंय.

पुढे कधी मगज बदलायची वेळ आली तर आधी तुझाच जुळतो का बघतील, सख्खी तूच एक आहेस. पण ते नंतरचं.

आजचं काम वेगळं आहे. सरांचा नंबर या कागदाच्या मागे लिहिलाय. वाचून झालं की मला नाही, त्यांना फोन कर. विचार, "माझ्या बहिणीने तुम्हाला काही सांगितलं का?" सांगितलं असेल तर तशीच निघून ये, आईला मी एकटी सांगू शकणार नाही. नसेल सांगितलं, तर तू सांग. मी आदळआपट करेन, तुझ्याशी बोलणार नाही, काय वाटेल ते म्हणेन. तरी सांग. ठमी शहाणी आहे, ती करेल बरोबर, असं म्हणून थांबू नकोस. पाच दिवस मी थांबलेच आहे.

ड्रायव्हर खाली आलाय. एकदा त्याच्या हातात दिलं की हे मला परत घेता येणार नाही, म्हणूनच देते आहे.

मला मरायचं नाहीये, ताई.

तुझी,
ठमी