लेस्याच्या परीक्षेसाठी सहा मेंढ्यांचे मेंदू

सास्काटून, २६ फेब्रुवारी १९६३, सकाळी १०
टपालानं आलं: औषधात मुरवलेले मेंढीचे मेंदू, सहा. चार डॉलर वीस सेंट. टपालखर्च पासष्ट सेंट. एक बरणी गळकी.
लेस्या डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला. बावीस मार्चला मेंदूची परीक्षा. टेबलांवर माणसांचे जपून ठेवलेले मेंदू मांडतात, प्रत्येकात एक टाचणी. टाचणीखालच्या भागाचं नाव लिहायचं, घंटा झाली की पुढचं टेबल. नापास झाली तर एकच फेरपरीक्षा, नाहीतर शिक्षण बंद. पोरीची तयारी मीच घेणार. मॅट्रिकला शरीरशास्त्रात मला ऐंशी होते.

२७ फेब्रुवारी
ईस्टरआधीचे उपास चालू. फ्रिजमध्ये मेंदू चालतात का, फादरना विचारलं. खायचे नसतील तर चालतात म्हणाले. ह्यांनी विचारलं, मग जेवण कुठं ठेवायचं. पातेली मागच्या ओसरीवर काढली.

३ मार्च, रविवार
आज कॉलेजची प्रयोगशाळा सरावासाठी उघडी. लेस्याला पाठवलं नाही. रविवार देवाचा. घरी बसून शिकणं काही काम नव्हे, म्हणून प्रार्थनेनंतर चार तास घेतले. हे पातेल्यावर डाव मारून घंटा देतात. नको तेव्हा देतात.

१० मार्च
लेस्या म्हणाली, "आई, मेंढी चार पायांवर चालते गं. तिचा मेंदू आडवा, आपला खाली वळलेला. हेच डोक्यात बसलं तर तिथं चुकेन मी."
मी म्हटलं, "दोघांना घडवणारा एकच आहे. टाचणी बघ."
तिचं शनिवारी प्रयोगशाळेत जाणंही बंद केलं. एकाग्रता हवी.

२१ मार्च
घरी शेवटची सराव परीक्षा. वीसपैकी वीस. (माझे. लेस्याचे अठरा. वाद घातला म्हणून दोन कापले.) बाकीच्या मुलांनाही पाठवा, असं प्राध्यापकांना लिहावं म्हणते. फुकट शिकवीन.

२७ मार्च
नापास. वास ओळखणारा भाग मेंढीत घेवड्याच्या दाण्याएवढा. माणसात म्हणे आगपेटीच्या काडीएवढा. टाचणीखाली काडी बघून तिनं शीर लिहिलं. अशा बऱ्याच टाचण्या चुकल्या. कॉलेजचे मेंदू जुने असणार, आकसलेले.
लेस्या बॅग भरून कॉलेजजवळ मैत्रिणीकडे राहायला गेली. बॅग ह्यांनी उचलली.

९ एप्रिल
काल फेरपरीक्षा झाली. पास! तिनं ह्यांना कारखान्यात फोन केला होता. रोज, रविवारीसुद्धा, खऱ्या मेंदूंशी बसली होती म्हणे. तरी पाया माझाच.
तसं बोलून दाखवलं. हे म्हणाले, "आईला सांगू नका म्हणाली होती."
मग कार्ड लिहिलं:
"लेस्या, पास झालीस असं कळलं. मेंदूविषयी एक अक्षर काढणार नाही. रविवारी गेलीस तेही कळलं, फादरना सांगितलेलं नाही. ईस्टरला घरी येणार आहेस का, एवढं उलट टपाली कळव."