तैवानहून निघालेली होडी

३ फेब्रुवारी
काकांना जाऊन दहा महिने झाले. पानापाने माझा अपमान केला त्यालाही दहाच. सख्खा चुलतभाऊ! मयताला दोनशे माणसं, आणि हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला की आमचा भाऊ माओरीत मुका आहे, पण जेवतो झकास. सगळे हसले. मेरेआनाही हसली. माझी बायको असून!
इस्टरला काकांच्या थडग्यावरच्या दगडाचं अनावरण. तिथे मी माओरीत भाषण ठोकणार, पानापाचं नाक कापणार. आजच क्लास लावला.

१० फेब्रुवारी
मास्तरीण चोवीस वर्षांची पोर. म्हणाली, आपली भाषा ताहिती आणि रारोटोंगाच्या भाषांची बहीण, सातशे वर्षांपूर्वी होड्यांतून इथे आली. घराला आपण फारे म्हणतो, ताहितीतही फारेच. त्याच्या मागे सामोआ, आणखी मागे पार तैवान.
पानापाला तरी तैवान ठाऊक आहे का? ठरलं. भाषण तैवानपासून.

२४ फेब्रुवारी
क्लास बुडाला. गाउटने पायाचा अंगठा सुजलाय. मेरेआना म्हणते, शिंपल्या कमी गिळ. हिला काय कळतंय!

१० मार्च
पुन्हा बुडाला. शनिवारची रग्बी परत दाखवत होते. भाषा रक्तातच असते म्हणा, ती थोडीच क्लासला जाते?

१७ मार्च
गेलो, ते बरं झालं. भाषण संपलं की आपल्या बायकांनी उठून गायचं असतं. आणि बोलणारा वाहवत गेला तर त्या मधेच गाणं सुरू करतात, मग त्याने गुमान थांबायचं. काय नामी हत्यार! मेरेआनाला बजावलं, पानापा उठला की दोन मिनिटांत सुरू कर. म्हणाली, बघते.

२ एप्रिल, पहाटे
नऊ पानं पाठ. (सहा.) पानापा, तू मेलास.

४ एप्रिल, संध्याकाळी
पानापा दीड मिनिटातच बसला. लबाड!
मग मी. तैवानहून होडी काढली. सामोआ दिसायला लागलं तोच मागून गाणं. वळून बघतो तर मेरेआना! सगळे उठले. मलाही गाणं भाग होतं. शब्द येईनात. नुसतं तोंड हलवलं. पानापा शेजारी येऊन उभा राहिला आणि एकेक ओळ माझ्या कानात सांगत गेला. कुणाला कळू न देता. मेल्याने सूड घ्यायलाही जागा ठेवली नाही.
गाडीत मेरेआनावर ओरडलो. ती म्हणाली, दोन मिनिटं तूच ठरवली होतीस, मी सात थांबले. मग विचारलं, काकांचं नाव कधी घेणार होतास रे?
नवव्या पानावर होतं.