घड्याळजीचा नंबर

तीर्थस्वरूप मामा,

तुम्हाला वाकून नमस्कार, आणि मामींना त्याहून जरा जास्त वाकून, कारण आलेलं पाकीट तुमच्या हातात द्यायचं की नाही हे त्याच ठरवतात. जिन्यात पायरी चुकून गुडघ्याला मार बसल्याचं कळलं. शेक घेताय ना? नवा चष्मा छान लागला, पेपरातली अक्षरं टपोरी दिसतात, असं तुम्ही झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलंत म्हणे. आमच्या कारखान्याचं नाव काढलंत, आभारी आहे. (सध्या थोडे दिवस काढलं नाहीत तरी चालेल.)

मामा, मी अजून हवेतच आहे. दोन वर्षं या भिंगांच्या कारखान्यात मी चष्म्याच्या डब्या पुसल्या आणि गेल्या महिन्यात मालकीणबाईंनी मला कॉम्प्युटरवर बसवलं. काम असं: एका यादीत आज करायच्या चष्म्यांचे पावती क्रमांक, दुसरीत त्याच क्रमांकांसमोर त्या त्या माणसाच्या डोळ्यांचा नंबर. आधीच्या बाई एक क्रमांक तोंडाने पुटपुटत दुसऱ्या यादीवरून बोट फिरवायच्या आणि मध्येच कोणी चहाचं विचारलं की पुन्हा पहिल्यापासून. मला मात्र एक्सेलमधला व्हीलुकअप नावाचा फॉर्म्युला सापडला. काय सांगू तुम्हाला! त्याला नुसतं म्हणायचं, हा क्रमांक धर, त्या यादीच्या पहिल्या रकान्यात शोध आणि त्याच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात जे असेल ते घेऊन ये. आणि तो आणतो. दोनशे बत्तीस नंबर त्याने पापणी लवायच्या आत आणले. मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. (उगाचच. पण बसवेना.)

आता या व्हीलुकअपला सगळं सांगून झालं की शेवटी त्याचा एक प्रश्न उरतो. तंतोतंत जुळणारंच हवं, की साधारण जुळणारं चालेल? आठवा मामा, लहानपणापासून माझं कोणाशी बिनसलं की तुम्ही काय सांगायचात. "टिटवे, फार ताणू नकोस. थोडं इकडेतिकडे चालवून घ्यावं." तेव्हा मी तुमचं स्मरण करून 'साधारण चालेल' असं लिहिलं. म्हटलं, यंत्राशीही समजुतीने वागावं.

तर झालं असं, की भिंगं घासणाऱ्या काकांनी चारशे बारा ते चारशे एकवीस अशा दहा पावत्या, यादीत चढवायला मला सावकाश देऊ म्हणून आपल्या मशीनजवळच्या खिळ्याला लावल्या आणि विसरले. चारशे बाविसावी माझ्या पर्समध्ये होती. (तिच्याविषयी पुढे येईल.) म्हणजे या अकरा पावत्या नंबरांच्या यादीत चढल्याच नव्हत्या. व्हीलुकअप चारशे बारा शोधायला गेला, मिळाला नाही. एखाद्याने हात हलवत परत येऊन तसं सांगितलं असतं. पण मी पडले समजूतदार, तोही समजूतदार झाला. एक पाऊल मागे सरकून त्याने चारशे अकराचा नंबर उचलून आणला. चारशे तेरालाही तोच. असं करत करत थेट चारशे बावीसपर्यंत. आणि चारशे अकरा कोण, तर एक घड्याळजी, ज्यांना तिळाएवढा स्क्रू बोराएवढा दिसावा लागतो. लांबचं धूसर दिसलं तरी त्यांचं काही अडत नाही. काकांनी एकदा विचारलंही, की एकाच नंबराचे बारा चष्मे कसे. मी मान ताठ करून म्हटलं, काका, शीट चुकत नाही.

त्यानंतरचे चार दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाहीत. एका मुख्याध्यापिकाबाईंना फळ्यावरचा खडूचा कण दिसू लागला आणि शेवटची तीन बाकं दिसेनाशी झाली. एका न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या मिशीचा केस न् केस जवळून सारखा केला, मग लांब उभं राहून समाधानाने मान हलवली. मिशीची दुसरी बाजू शिल्लकच नव्हती, हे त्याला लांबून दिसलंच नाही. फुटबॉलच्या एका पंचाने कोपऱ्यातल्या झेंड्याला पिवळं कार्ड दाखवलं, आणि झेंडा जागचा हलत नाही म्हणून दुसरं.

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाल्या, "शनिवारी संध्याकाळपर्यंत अकराही चष्मे या टेबलावर हवेत. नाहीतर सोमवारपासून तू परत डब्या पूस." मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. मग तोंड धुतलं, बाहेर येऊन फॉर्म्युल्याच्या शेवटी 'तंतोतंत' असं केलं, आणि मामा, तो लगेच बदलला हो. जिथे माहिती नाही तिथे सरळ 'सापडत नाही' म्हणू लागला. अकरा ओळींत अकरा वेळा. इतकं प्रामाणिक माणूस मी आमच्या ऑफिसात पाहिलेलं नाही. मला हे काम सोडायचं नाही, मामा. आयुष्यात पहिल्यांदा मला सकाळी ऑफिसला पोचायची घाई होते.

दहा चष्मे परत आले, नीट होऊन ज्याच्या त्याच्या नाकावर गेले. पंचांनी झेंड्याविषयी दिलगिरीही व्यक्त केली. असो. गुडघ्याला जपा, मामींचं ऐका, आणि माझ्यावरची माया तंतोतंत आहे तेवढीच राहू द्या.

तुमची (निदान शनिवारपर्यंत तरी कॉम्प्युटरवर बसलेली),
टिटवी

ता. क. चारशे बावीस म्हणजे तुम्ही. घरचं काम, जातीने लक्ष घालीन, म्हणून तुमची पावती मी वेगळी पर्समध्ये ठेवली होती. तेव्हा हे पत्र वाचून होताच चष्मा उतरवा, जुना घाला आणि नवा आजच्या आज पाठवा. गुडघ्याचा दोष नव्हता, पायऱ्या दिसत नव्हत्या. आणि चष्मा उत्तम असल्याचं तुम्ही गावभर सांगितलंय, आता शब्द कसा फिरवायचा असं मनात आणू नका. थोडं इकडेतिकडे चालवून घ्यावं.

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात मामींचा फोन आला. (तुम्हाला सांगू नको म्हणाल्यात.) नवा चष्मा आल्यापासून तुम्ही रोज समोरच्या खुर्चीवरून त्यांच्याकडे बघत म्हणता म्हणे, की तू लग्नात होतीस तश्शीच आहेस. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी सगळा घोटाळा सांगितला. त्यांनी तो परत एकदा पहिल्यापासून सांगायला लावला. मग म्हणाल्या, चष्मा पाठवते, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. फक्त नवा करताना, लांबच्या बाजूला, अगदी थोडं 'साधारण' ठेवता येईल का, ते काकांना विचार.