मागच्यानं हाक द्यायची

रिहे, शुक्रवार

प्रिय तृप्ती,

पत्र बघून तू हसशील. चार घरं सोडून राहणारा माणूस पत्र लिहितोय म्हणजे गुडघ्याबरोबर त्याचं डोकंही कामातून गेलं, असं म्हणशील. म्हण. रविवारी तू हिंजवडीपर्यंत सायकलनं जाऊन आलीस आणि येताना आमच्या दारात थांबून म्हणालीस, "काका, पुढच्या सोमवारी लॅबला जॉइन व्हायचंय. सायकलनंच जानार हाय. काय काय बघायचं ते सांगा की." मी नुसतं हवा तपास, पाणी घे, असं काहीतरी पुटपुटलो. तू गेल्यावर तुझी काकू म्हणाली, तेरा वर्षं त्या रस्त्यानं गेलेल्या माणसाला एवढंच सांगता आलं का? तिचं खरं आहे. पाच दिवस झाले, वही घेऊन बसतो आणि उठतो. आज लिहितोच.

आधी सायकलीचं. तुझ्या पप्पांची सायकल दुरुस्त करून ठेवली ती तीन वर्षं पडवीतच उभी होती. रविवारी ती चालली म्हणून हुरळून जाऊ नकोस. टायर बाहेरून चांगले दिसतात, पण उभ्या सायकलीचं रबर कडेनं तडकतं. दोन्ही टायर आणि ब्रेकचे रबर नवीन घाल. सीट साहेबरावाच्या उंचीची आहे, ती दोन बोटं खाली घे. पायडल तळाला गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मी हौसेनं सीट खाली ठेवून चालवत राहिलो, त्याचं फळ आता बिछान्यावर बसून खातोय. बॅग पाठीला लावू नकोस, कॅरिअरला बांध, नाहीतर लॅबला पोचेपर्यंत पाठ भिजलेली असेल. ओढणी घालायचीच असेल तर कमरेला गाठ मारून घाल. चेनमध्ये ओढणी अडकलेली मी पाहिली आहे आणि ते बघण्यासारखं नसतं. कपड्यांचा एक जोड, नॅपकिन आणि चपला लॅबमध्येच ठेव. गेटवरचा वॉचमन पहिल्या दिवशी सायकल बाहेर लावायला सांगेल. वाद घालू नकोस, त्याला नाव विचार आणि त्याचं गाव विचार. आम्ही दोघं तिकडच्याच कंपनीत माळी म्हणून लागलो तेव्हा आमच्याही सायकली आठवडाभर बाहेर होत्या. मग साहेबरावानं वॉचमनला गवती चहाचं एक रोप दिलं आणि आमच्या सायकली साहेबांच्या मोटारींशेजारी उभ्या राहायला लागल्या. तुझ्या बापाला माणूस वळवता यायचा. मला नाही यायचा, आणि ते मला टोचायचं, हेही आता सांगून टाकतो.

रस्त्याचं सांगायचं तर सहाला निघ, साडेसहाला नाही. साडेसहानंतर फार्महाउसकडे पाण्याचे टँकर आणि बांधकामाचे डंपर सुरू होतात, आणि त्यांना खेपा करायच्या असतात, माणसं दिसत नाहीत. धुकं असलं तर मागचा लाल दिवा उजाडलं तरी चालू ठेव. फार्महाउसची कुत्री अंगावर आली तर पळवू नकोस. खाली उतर, सायकल मध्ये धर आणि चालत जा. चालणाऱ्या माणसाचा त्यांना लगेच कंटाळा येतो. खडीवर आणि शेणावर ब्रेक दाबायचा नाही. डांबराच्या अगदी कडेला जाऊ नकोस, हातभर आत राहा, म्हणजे बाजूला व्हायला जागा उरते. ही हातभर जागा म्हणजेच जीव, असं साहेबराव म्हणायचा.

आता आमचा एक नियम होता, तो तुला माहीत असेल. दोघं जाताना एक पुढे, एक मागे. पुढच्यानं खड्डा, कुत्रं, समोरची गाडी बघायची. मागच्यानं मागची गाडी बघायची आणि आली की हाक द्यायची. साहेबराव मागे असला की "आली रं!" म्हणायचा. मी मागे असलो की "मागनं!" एवढंच. हाक आली की पुढच्यानं वळून बघायचं नाही, सरळ डावीकडे घ्यायचं. वळून बघितलं की हँडल वळतं, म्हणून हा नियम. अकरा वर्षांत आम्ही तो मोडला नाही. एकमेकांवर इतका भरवसा होता की खिंडीच्या चढाला मान खाली घालून पायडल मारायचो. मागे डोळे आहेतच, ही खात्री असायची.

त्या खिंडीबद्दलच लिहायचं आहे, आणि तिथं येऊन माझा हात थांबतो. साहेबराव गेला ती जागा तू ओळखतेस, दोन वळणांच्या मधली. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी एकटा कामाला निघालो. आपण विहारात वाढलेली माणसं, भूतखेत मानत नाही आणि मी आजही मानत नाही. पण त्या सकाळी पहिलं वळण ओलांडलं आणि पाठीमागून, वीस-पंचवीस पावलांवरून हाक आली. "मागनं!" माझे हात आपसूक डावीकडे गेले. डंपर इतक्या जवळून गेला की शर्टाची बाही फडफडली. तो गेल्यावर मी उतरून बघितलं. रस्ता रिकामा होता. डंपरचा आवाज मला आधी ऐकूच आला नव्हता, चढाला स्वतःच्याच श्वासाचा आवाज कानात भरलेला असतो.

मनाला समजावलं, आठवण आहे. पण चार दिवसांनी पुन्हा हाक आली, पुन्हा त्याच जागी, आणि मागोमाग टँकर. मग महिन्यातून दोनदा, तीनदा. संध्याकाळी परतताना कधीच नाही. मी तिथं मुद्दाम थांबून पाहिलं, काही नाही. कडा आवाज परतवतो का म्हणून ओरडून पाहिलं, माझा आवाज दरीत गेला तो गेलाच. गंमत बघ, मला भीती वाटत नव्हती. मला बरं वाटायचं. वाटायचं, साहेबराव आहे, अजून माझ्या मागे डोळे ठेवून आहे. मी चढ चढताना मनातल्या मनात त्याच्याशी बोलायला लागलो. दोन वर्षं मी असा गेलो आणि आपण किती मोठ्या मनाचा मित्र कमावला या आनंदात होतो.

मग एका सकाळी खिंडीच्या माथ्यावर सावळा भेटला, मेंढरं घेऊन फिरणारा. त्याची मेंढरं सगळीच्या सगळी माना वर करून मी आलो त्या रस्त्याकडे बघत होती. नुकताच एक टँकर गेला होता. मी म्हटलं, गाडीला बिचकली वाटतं. तो म्हणाला, "गाडीला कशाला बिचकत्यात, रोजच्या हायेत. तुमच्या वरडण्याला बिचकली. दर वख्ताला बघतुया मी. तुमी पुडं आन तुमचा आवाज मागं, ह्ये कसं वो करताय?" मी म्हटलं, माझा आवाज? तो म्हणाला, "तुमचाच की. मला काय वळकू येत न्हाई व्हय?" आपला आवाज आपल्याला बाहेरून ओळखता येत नाही, तृप्ती. आणि शब्द तर पहिल्या दिवसापासून माझाच होता. साहेबराव "आली रं" म्हणायचा. दोन वर्षं मी तो शब्द ऐकत होतो आणि मला हे सुचलं नव्हतं, किंवा सुचू द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी सायकल सोडली. गुडघा त्याआधी दुखत होता, पण इतका नाही.

आता ज्यासाठी बसलोय ते. रविवारी दारातून निघता निघता तू सहज म्हणालीस, "सकाळी खिंडीत कुनाच्या तरी गाडीवरनं तुमी मागं येत होता ना काका? बरं झालं वरडलात, टँकर अगदी चिकटून गेला. वळून बघितलं तर तुमी कुटंच न्हाई." मी "व्हय" म्हणालो. तृप्ती, रविवारी सकाळी मी या बिछान्यावर होतो, काकूला विचार. आणि तीन वर्षांपूर्वी त्या सकाळी मी पुढे नव्हतो. तुला, तुझ्या आईला, पोलिसांना, सगळ्यांना मी सांगितलं की मी पुढे होतो, मला काही दिसलं नाही. मी मागे होतो. कंपनीनं साहेबरावाला मुकादम करायचं ठरवलं होतं आणि मी आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. जायचो बरोबर, सवयीनं, पण शब्द नाही. जो आधी बोलेल तो हरला, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. ते आठ दिवस मागून काही आलंच नाही, म्हणून हाकेची वेळही आली नव्हती. त्या दिवशी डंपर आला. मी तो वळून पाहिला. शब्द ओठावर आला आणि वाटलं, मी का आधी बोलू, त्याला ऐकू येईलच की. तो मान खाली घालून चढत होता. मागे मी होतो, म्हणून त्यानं वळून पाहिलं नाही. तुझा बाप माझ्या अबोल्यानं गेला, पोरी. ती न दिलेली हाक त्या रस्त्यावर का राहिली मला सांगता येत नाही, पण ती आहे, आणि आता ती तुला ऐकू येते. ती भुताची समजून घाबरशील, थांबशील किंवा वळून बघशील, म्हणून हे लिहिलं. खरं कळल्यावर कदाचित माझ्या आवाजाची तुला किळस येईल आणि तू मुद्दाम ऐकणार नाहीस, याची मला जास्त भीती वाटते, तरीही लिहिलं. माझं तोंड बघू नकोस, आईला हे वाचून दाखव, पोलिसांकडे जा, मी नाही म्हणणार नाही. फक्त सोमवारी खिंडीत मागून हाक आली, तर ती कोणाची आहे याचा विचार करू नकोस. आधी डावीकडे घे.

तुझाच,
धम्मपाल
(काका म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.)