टेबलावर बोलायचं नाही

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
५ फेब्रुवारी २०२६

ती. कावेरीताई यांस,
मीनाक्षीचा शि. सा. नमस्कार.

पाकीट बघून दचकला असाल. एक दिवसाआड फोनवर बडबडणारी ही बाई एकदम कागदावर कशी आली? त्याचं असं झालं, आमच्या वर्कशॉपमधला महादू सुट्टीवर गुहागरला येतोय. त्याच्याबरोबर तुमच्यासाठी खजूर, केशर आणि तुमच्या गुडघ्याचं ते हिरवं तेल पाठवलंय, त्यातच हे पत्र. खजुराचा डबा बॅगेत बसेना तर पठ्ठ्याने स्वतःचे नवे बूट बाहेर काढून ठेवले. त्याला नुसत्या पाण्यावर परत पाठवू नका.

पर्णिकाची परीक्षा मार्चमध्ये आहे. उंची माझ्या कानापर्यंत आलीय आणि उत्तरं सगळी इंग्लिशमध्ये. तुमच्या आंबोळ्यांना अजून 'आत्याज पॅनकेक्स'च म्हणते. मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये काम बरं चाललंय. नवीन गेट्सची मोठी ऑर्डर आलीय, माणसं कमी पडतायत. तब्येती ठीक. झाली सगळी खुशाली.

आता तुमच्या परवाच्या व्हॉइस मेसेजबद्दल. तो मी स्वयंपाकघरात उभी राहून किती वेळा ऐकला ते विचारू नका. तुम्ही म्हणालात, "पोरीला घेऊन पुण्याला वेगळं राहायचं म्हणतेस, माझी ना नाही. पण मला एक सांग मीनाक्षी, ज्या मुलाने शेवटच्या घडीला आईला हाक दिली, जी ऐकून ती हसत गेली, तो मुलगा वाईट नवरा कसा असेल गं?"

याचं उत्तर मला फोनवर देता आलं नसतं. तुम्ही रडला असतात आणि मी गप्प बसले असते. आठ महिने तेच तर करतेय.

आधी तुमच्या मनातली एक शंका काढून टाकते. कर्ज नाही. दारू नाही. दुसरी बाई नाही. असती तर मी पदर खोचून भांडले असते, मला भांडता येतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. हे पत्त्यांचं आहे, ताई. इथे जुगाराची टेबलं नाहीत, म्हणून सुट्टी आली की इथली माणसं विमानाने जॉर्जियाला जातात, तिबिलिसीला. तीन-साडेतीन तासांचा प्रवास. घरी सांगायचं डोंगर बघायला चाललो. ह्यांचा धंद्यातला पार्टनर पहिल्यांदा घेऊन गेला. नंतर हे एकटेच जायला लागले.

आणि हे हरत नाहीत. ऐकायला विचित्र वाटेल, पण हरले असते तर बरं झालं असतं. सुरुवातीला एकदा हरले, ते शेजारच्या माणसाशी गप्पा मारताना. तेव्हापासून नियम केला, टेबलावर बोलायचं नाही. गप्पा नाहीत, ओळखी नाहीत, कुणाच्या जिंकण्यावर हसायचं नाही, हरण्यावर चुकचुकायचं नाही. शेवटची खुर्ची धरायची, टोपी खाली ओढायची आणि नजर पत्त्यांवर. मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ बघून हे शिकले. आता तिथे निम्मी माणसं आपल्याच यूएईतली, "अरे श्रीनाथभाई, तुम यहाँ!" म्हणून गळ्यात पडणार. त्यावरही तोड काढली. कुणी हिंदीत बोललं की म्हणायचं, "सॉरी, नो हिंदी." माणूस गप्प होतो. हे मला घरी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, आणि मीसुद्धा हसले होते.

हळूहळू ते टेबल आमच्या घरात आलं. जेवताना बोलायचं नाही, कारण मनात आकडेमोड चाललेली. गाडीत बोलायचं नाही. पर्णिका काही विचारायला गेली की नुसता हात वर, थांब. तो हात तिने इतक्यांदा बघितला की एक दिवस मला तस्साच दाखवला. मी तिला रागावले आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसले. मी ह्यांना म्हणायची, अहो, माणसात या जरा. ते म्हणायचे, "फोकस गेला की सगळं खलास, मीनाक्षी."

ताई, 'हे' आणि 'ह्यांनी' लिहिणं मला आता जमत नाहीये. पुढचं मी नावाने लिहिते. राग मानू नका.

गेल्या बकरी ईदच्या सुट्टीत मीच हट्ट धरला, आम्हालाही न्या. श्रीनाथ कबूल झाला. तुम्हाला सांगितलं फिरायला चाललोय, ते अर्धं खरं होतं. मी आणि पर्णिका फिरत होतो.

त्या दुपारी तुमचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी खोलीत होतो. तुम्ही म्हणालात, डॉक्टर म्हणतायत काय बोलायचं ते बोलून घ्या, श्रीनाथला दे, मी फोन आईच्या कानाला लावते. तुम्हाला वाटलं तो माझ्या शेजारीच आहे. मी "देते हं" म्हटलं आणि चालू फोन हातात धरून लिफ्टकडे धावले. कॅसिनो त्याच हॉटेलात खाली होता. दारावरचा माणूस म्हणाला फोन पर्समध्ये ठेवा, मी ऐकलं नाही.

तो शेवटच्या खुर्चीवर होता. शेजारी एक जाडजूड माणूस, गळ्यात चेन, अत्तराचा भपकारा, सारखी बडबड. मी श्रीनाथच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, आईंचं शेवटचं आहे. ताई फोनवर आहेत. उठा, बोला." मोठ्याने म्हटलं, ताई. टेबलावरच्या सगळ्यांनी वर बघितलं. पत्ते वाटणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, नो फोन हिअर, प्लीज."

श्रीनाथने माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ, डोळ्यांत डोळे घालून. आणि म्हणाला, "सॉरी. नो हिंदी."

मग त्याने टेबलावर बोट आपटलं. पत्ता हवा असला की तिथे तसं बोट आपटतात.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी तिथेच उभी होते, फोनमधून तुमचा "दिलास का गं? दिलास का?" असा आवाज येत होता. तो शेजारचा माणूस माझ्याकडे बघत होता, मग श्रीनाथकडे, मग फोनकडे. त्याने आपले पत्ते तसेच उलटे टाकले आणि उठला. मला दंडाला धरून बाहेर लॉबीत आणलं आणि अस्सल मराठीत विचारलं, "वहिनी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?" मी म्हटलं, श्रीनाथ. त्याने माझ्या हातून फोन घेतला, खिडकीपाशी गेला, पाठ केली आणि बोलायला लागला.

तो आवाज श्रीनाथचा नव्हता, ताई.

खोटं मीही बोलले. फोन परत आला तेव्हा तुम्ही रडत विचारलंत, "बोलला ना गं?" आणि मी म्हटलं, "हो ताई, बोलले." दुसरं काय म्हणणार होते? त्या मिनिटाला तुम्हाला खरं सांगायला माझी जीभ उचलली नसती.

श्रीनाथ डाव संपवून वर आला तोवर आई गेल्या होत्या. मी सांगितलं. तो पलंगावर बसला आणि म्हणाला, "तू काय बोललीस ते मला ऐकूच आलं नाही. मी फोकसमध्ये होतो." खरं असेल. नसेलही. त्याला ऐकू आलं असेल, तर मी कुणाबरोबर संसार केला? आणि खरंच ऐकू आलं नसेल, तर तो कुठे जाऊन बसलाय, जिथे आईचं नावसुद्धा पोचत नाही? या दोन्हींतलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, ते माझं मलाच ठरवता येत नाही.

विमानतळावर तुमचा मेसेज आला, 'तुझा आवाज ऐकून हसत गेली रे.' तो वाचून श्रीनाथ रडला, अगदी लहान पोरासारखा. मला म्हणाला, "राहू दे. ताईला तेवढाच आधार." मलाही पटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेराव्याला तुम्ही आल्यागेल्याला तेच सांगत होतात आणि मी पानं वाढत होते. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. तो खाली मान घालून उभा होता, तेव्हा मला त्याची दयाही आली. त्याला माफ करायचं मी तिथेच ठरवलं होतं. आणि केलंही असतं.

पण गेल्या महिन्यात आमच्याकडे चार मंडळी जेवायला होती. कुणीतरी आईवडिलांचं काढलं. श्रीनाथ सांगायला लागला, "मी लकी आहे यार. परदेशात असून शेवटचं बोलता आलं. मी म्हटलं, आई, मी आहे इथे, तू काळजी करू नकोस." तपशिलासकट, ताई. आवाज भरून आला, डोळ्यांत पाणी. पर्णिका ताट सोडून त्याच्याकडे बघत राहिली. "पपा, यू नेव्हर टोल्ड मी. व्हॉट डिड आजी से?" तो म्हणाला, "तुला आशीर्वाद दिला. म्हणाली, पोरीला खूप शिकव."

मी आत गेले. पर्णिका मागोमाग आली. "मम्मा, व्हाय आर यू क्रायिंग? इट्स सच अ नाइस स्टोरी."

त्या दिवशी मला कळलं की माझ्याच्याने आता होणार नाही. जे तेव्हा त्याने केलं नाही, त्याचं दुःख त्याला व्हायला हवं होतं. तेवढ्यावर मी जन्म काढला असता. पण ते दुःखही त्याने ठेवलं नाही. परक्या माणसाचा आवाज स्वतःच्या नावावर करून घेतला आणि आईंच्या तोंडी स्वतःला हवे ते शब्द घातले. आणि पोरीला त्यातला खोटेपणा कळायला मार्ग नाही. रात्री मी त्याला विचारलं, असं का सांगितलंत? त्याने हात वर केला. थांब.

मग मला एकच ध्यास लागला, आईंनी खरं काय म्हटलं? त्या माणसाने लॉबीत मला कार्ड दिलं होतं. जगन्नाथ नाव त्याचं, खोर फक्कानला असतो, बंदरात येणाऱ्या जहाजांना भाजीपाला पुरवतो. मी फोन केला. ओळखलं त्याने. आधी टाळाटाळ करत होता. "सोडा ना वहिनी, आता काय त्याचं. खलास झालं." मी म्हटलं, जगन्नाथभाऊ, मला ते हवंय, माझ्या नणंदेसाठी हवंय. तेव्हा बोलला. त्याचेच शब्द लिहिते.

"वहिनी, पलीकडून ताई म्हणाल्या, कानाला लावलाय, बोल. मग मी म्हटलं, आई, मी श्रीनाथ बोलतोय. श्वास फक्त ऐकू येत होता. मग म्हणाल्या, कुणाचा रे तू? बस, वाट लागली माझी. आता त्या हालतमध्ये आईला झूठ कोण बोलणार? मी म्हटलं, आई, मी जगन्नाथ, मालवणचा. तुमचा मुलगा इधरच आहे, पण त्याला उठता येत नाही. त्या म्हणाल्या, बरा आहे ना तो? मी म्हटलं, एकदम बरा. मला वाटलं लाइन कटली. मग म्हणाल्या, बोलत राहा बाळा. पोर माझ्या तोंडाकडे बघत्येय."

मी विचारलं, मग तुम्ही काय बोललात?

"काय बोलणार वहिनी? सुचेचना. इथल्या समुद्राचं सांगितलं. सुरमईचा भाव सांगितला, किलोला इतके दिरहम, म्हणजे आपले इतके रुपये. त्या म्हणाल्या, महाग आहे. मग हसल्या थोड्या. तेवढंच. यल्ला, चला, ठेवतो मी." आणि त्याने फोन ठेवला, कारण तो रडत होता.

ताई, तुम्ही सांगता ना, 'मायलेकाचं बोलणं म्हणून फोन तिच्या कानाशी उशीवर टेकवून मी चार पावलं लांब उभी राहिले, शब्द ऐकू आले नाहीत, पण तिचे ओठ हलताना आणि चेहरा हसताना पाहिला.' ते सगळं खरं आहे. फक्त त्यांना कळलं होतं की तो मुलगा नाही. पहिल्याच शब्दाला कळलं होतं. तरी त्यांनी फोन कानाचा काढू दिला नाही, परक्या माणसाकडून माशांचे भाव ऐकत राहिल्या, कारण समोर तुम्ही उभ्या होतात. अंगात उरलेला सगळा जीव त्यांनी तुम्हाला बरं वाटावं म्हणून वापरला. लोकांना तुम्ही सांगता, शेवटी मुलाशी बोलली. त्या तुमच्याशी होत्या, ताई. शेवटपर्यंत तुमच्याशीच.

आईंनी तुमच्यापासून जे झाकलं ते मी उघडं करतेय, याचं पाप लागायचं असेल तर लागो. दहा वर्षं त्यांचं उशी-अंथरूण तुम्ही केलंत. त्यांचा शेवट कुणाचा होता हे तुम्हाला कळायला हवं असं मला वाटलं.

श्रीनाथला हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तो तुमचा भाऊ आहे, तुम्ही त्याला टाकू नये असंच मला वाटतं. त्याच्यावर माझं प्रेम नाही असंही नाही. पण मी आणि पर्णिका एप्रिलमध्ये पुण्याला जातोय, ते आता बदलणार नाही. तुम्ही कधीही या. नाही आलात, फोनही केला नाहीत, तरी मी समजून घेईन.

खाली दरवेळी 'तुमची भावजय' लिहायची सवय आहे. आज हात थांबला. ते नातं त्याच्याकडून आलेलं, ते किती दिवसांचं कोण जाणे. तुम्हाला चालणार असेल, तर नुसतीच

तुमची,
मीनाक्षी