लाल फरशीचा लोणा

१० जानेवारी, शनिवार
लाल फरशीला खरं काय लागलं ते एकदा लिहून ठेवतो. दुकानात कोणी विचारलं की मी "फार नाही हो" म्हणतो. लागलं ते असं — वीस दिवस. माझा उजवा गुडघा. खालच्या हॉलमधली चांगली चकचकीत फरशी, मीच निवडलेली, ती फोडून टेम्पोभर तुकडे. आणि बायकोचा, रमाचा, तीन दिवसांचा अबोला.

सगळं आईसाठी. दोन वर्षांपूर्वी ती त्या चकचकीत फरशीवर घसरली आणि दुसऱ्या दिवशी गावी धाकट्याकडे, तुळशीरामकडे निघून गेली. "तुजे आरशावर मी नाय चालाची." बस, एवढंच बोलली. मला तेवढं पुरलं. तीस वर्षं टाइल्स विकतोय — गिऱ्हाईक काय बोलतं ते नाही ऐकायचं, आवाज ऐकायचा. त्याला काय हवंय ते त्याच्याआधी मला कळतं. यात पनवेलात कोणी माझा हात धरून दाखवावा.

म्हणून ही भाजलेल्या मातीची फरशी, तिच्या माहेरी होती तशी. परवा तिला घेऊन आलो. आता फक्त वरून पाणी मुरू नये म्हणून सीलर लावायचा राहिलाय. तो लागला की गावाहून तिची पेटी आणायची. कायमची.

११ जानेवारी
आई सकाळी अनवाणी सगळ्या हॉलभर फिरली. मी विचारलं, आता कायमची राहशील ना? "फरशी तं होऊ दे पयली."
म्हणजे हो. रमाला म्हटलं, ऐकलंस?

१३ जानेवारी
ही फरशी पाणी पिते. आतून पुरती सुकायच्या आधी सीलर लावला तर ओल कोंडते आणि वर दुधासारखा डाग धरतो. गिऱ्हाइकांना हे मी तोंडपाठ सांगतो. म्हणून ओल बघायला काल फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. आज बघतो तर आतून घाम! आणि आजूबाजूला पांढरी पूड.

बळीरामला बोलावलं — फरशी त्यानेच बसवलीय. बोटाने खरवडून म्हणाला, "लोणा हाय शेठ. शिमिटातला खार वर येतो. कोरडा ब्रश मारा. पाणी बिलकुल लावू नका."

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ द्यायला येईल त्याला आधी फरशी दाखवली. शेजारचे भावेशभाई म्हणाले, "जीवनशेठ, लोकांना आरसे विकता आणि स्वतः कौलांवर राहता?" सगळे हसले. मीही. पण वाकून हात फिरवून बघत होते हां सगळे. आई आतल्या दारात उभी होती.

१७ जानेवारी
ब्रश मारला. सकाळी पुन्हा पांढरं.

१९ जानेवारी
धीर सुटला. जिन्याखालच्या कोपऱ्यात सीलर लावून बघितला. तासाभरात साय धरल्यासारखा डाग! थिनरने पुसायला गेलो तर आणखी पसरला. बळीराम आला, बघितलं आणि डब्यावरची सूचना मलाच वाचून दाखवली. ते जास्त लागलं.

सिमेंट बदललं नव्हतं. वाळू धुतलेली. पंखे चोवीस तास चालू. मग ओल येते कुठून? माझं दुकान, माझा धंदा, आणि माझ्याच घरात मला कळत नाही. आई म्हणते, "राहू दे रं. घाई कसली?"

२१ जानेवारी
आज गुडघ्यावर बसून ती पूड जिभेला लावली. सिमेंटचा खार कडवट लागतो. ही कडवट नाही. मिठागरावरच्या माणसाचा मुलगा मी, ही चव मला झोपेतही ओळखू येईल. हे जेवणातलं मीठ!

रमाला विचारलं. ती म्हणाली, "अहो, आई पुसतात ना रोज. तुम्ही सकाळी तलावावर चालायला जाता तेव्हा. बादलीत खडेमीठ टाकून. घराची नजर जाते म्हणाल्या. तुम्हीच माणसं आणून आणून दाखवताय."
"मग मला सांगायचं नाही?"
"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्हाला सगळं कळतं."

रागवायचं कोणावर? माझ्या घराला नजर लागू नये म्हणून ऐंशी वर्षांची बाई ओणवी होऊन फरशी पुसते. डोळ्यांत पाणी आलं. लिहितो ते खरं लिहितो.

२२ जानेवारी
आईला जवळ बसवून सांगितलं. मिठाचं पाणी आत जातं, खार वर येतो, सीलर बसत नाही. नजर काढायची तर मीठ माझ्यावरून ओवाळ, फरशीला नको. ऐकून घेतलं. "बरं."

२४ जानेवारी
दुप्पट पांढरं. काल आणलेली खडेमिठाची दोन किलोची पिशवी आज रिकामी — रमाने हातात आणून दिली.

संध्याकाळी आई आपणहून बोलली. "मिठागरावरची चौकी आठवतं तुला? पक्क्या विटेची व्हती. मीठ चढला नि तीन हंगामांत भुसा झाली. आमी बायका रोज बघायचो, आज किती झरली."

मी हो हो केलं. चहा प्यायलो. जिना चढताना लक्षात आलं. मीठ विटेचं काय करतं हे मी परवा कोणाला समजावून सांगत होतो? चाळीस हंगाम डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिलेल्या बाईला.

२५ जानेवारी
तुळशीरामचा फोन. "दादा, आईची खोली झाडून ठेवलीय. ती म्हनली, फरशी काय व्हनार नाय, येतंय मी आठ दिवसांत. गाडी तू पाठवशील का मी येऊ?"
मी म्हटलं, मी सोडतो.

२६ जानेवारी
आईला काहीच विचारलं नाही. एकटा बसून नुसतं आठवून पाहिलं. कायमची राहशील ना, असं मी तिला दोन वर्षांत वीसेक वेळा तरी विचारलं असेल. ती एकदाही "हो" म्हणालेली नाही.