बल्ब बदलून पाहिला

अकोला

आदरणीय धर्मपालदाजी यांस,

मेहुण्याचा सप्रेम जय भीम. ताईच्या गुडघ्याला तेल लागते की बाटलीतच राहते, ते कळवावे. आमच्याकडे सगळे मजेत, माझे डोळे सोडून. त्यांचे नेमके काय झाले हे मलाच उमजेना, म्हणून तुम्हाला लिहितो (तुम्ही मोतीबिंदू काढून बसलेले, म्हणजे अर्धे डॉक्टरच).

तुम्हाला ठाऊक आहे, वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असते आणि वाचणारा मी. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेच्या समारोपापर्यंत ती खुर्ची माझी. यंदा अक्षरे पोहायला लागली. मी म्हटले, बल्ब मंद आहे, मंद उजेडात डोळे जातात (आई चिमणीपुढे वाचू देत नसे, ते काय उगाच?). कमिटीच्या मागे लागून पांढराफेक एलईडी लावून घेतला. तर पान नुकत्या चुना दिलेल्या भिंतीसारखे चमकायला लागले आणि डोळ्यांना धार. बायांना वाटले, देवरावभाऊंना प्रसंग भिडला. त्यांनीही पदर डोळ्यांना लावले. मग मी म्हटले, उजेड प्रखर आहे, प्रखर उजेडात डोळे जातात. कमिटीचा देवमन म्हणाला, "भाऊ, तुमाले उजेड पायजे तरी कसा?"

इथल्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणतात, कमीजास्त उजेडाने डोळे थकतात, दुखतात, पण खराब होत नाहीत. मग माझे कशाने झाले? तर म्हणे वयाने. वय काय माझ्या एकट्याचेच झाले? (हे विचारायचे होते, पण तोवर पुढचा पेशंट आत आला.)

परवा तर कहरच झाला. त्या एलईडीच्या त्रासाने मी डोळे मिटूनच वाचत होतो. इतक्या वर्षांत ग्रंथ पाठ झालेला, तोंड आपले पुढे चाललेले. पानेसुद्धा वेळेवर उलटत होतो. तेवढ्यात देवमन म्हणाला, "भाऊ, लाइन कवाचीच गेली ना. काय दिसून राहिलं तुमाले?" डोळे उघडले तर विहारात मिट्ट काळोख. दाजी, मंद उजेडात मला दिसत नाही, प्रखर उजेडात दिसत नाही आणि अंधारात एक ओळ अडत नाही. याला शास्त्रात काय म्हणतात?

देवमन आता म्हणतो, समारोपाला दुसऱ्या कोणाला वाचू द्या. फार लागले हो मनाला. समोर पान असताना ते न दिसता वाचणे मलाही बरे वाटत नाही.

आपला,
देवराव

ता. क. डॉक्टर मोतीबिंदू असे काहीसे म्हणाले होते, ते वर लिहायचे राहिले. अमरावतीच्या तुमच्या डॉक्टरांकडे माझा नंबर लावून ठेवा. समारोपाआधी डोळा मोकळा झाला पाहिजे. सुंदराबाईला कळू देऊ नका, बायको फार घाबरट आहे. शेंदूरजनाघाटला संत्र्याचा बगीचा पाहायला जातो, असे तिला सांगीन. ऑपरेशनला दुखते का, तेवढे खरे लिहा.

आणखी ता. क. दाजी, मी सुंदराबाई. यायनं ओळीवर ओळ लिहिली होती, तुमाले काईच वाचता आलं नसतं. म्हणून सारं पत्र मी जसंच्या तसं उतरवून काढलं, तो 'घाबरट' शब्द बी. नंबर लवकर लावा, समारोप यायनंच वाचला पायजे. यायले एकटं पाठवत नाई. संत्र्याचा बगीचा मीबी कदी पायला नाई, असं म्हणून संगं येईन. तुमी काई बोलू नका.